बार्बाडोसला बीच हॉलिडे प्लॅन करताय? सगळे विचारतात ते प्रश्न आणि सविस्तर उत्तरं

कॅरिबियनचा विषय निघाला की लोक पहिला प्रश्न हॉटेलचा विचारतात, आणि माझं म्हणणं असं की हॉटेल नंतर, आधी किनारा ठरवा. बार्बाडोस जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद, पण तिथला पश्चिमेचा समुद्र वेगळा, दक्षिणेचा वेगळा आणि पूर्वेचा तर पूर्णच वेगळा. हे न बघता फोटो आवडला म्हणून बुकिंग केलं की सुट्टीचा अर्धा आनंद तिथेच जातो. म्हणून खाली जरा मोकळेपणानं लिहिलंय, जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलंय.

एवढी बेटं आहेत, मग बार्बाडोसच का?

पहिल्यांदा कॅरिबियनला जाणाऱ्या मराठी माणसाला मी हेच बेट सुचवतो. इंग्लिश चालतं, गाड्या आपल्यासारख्या डावीकडून, नळाचं पाणी पिता येतं, बस स्वस्त आहे, आणि क्रिकेट हा तिथल्या लोकांचाही जिव्हाळ्याचा विषय. मालदीवला कसं, एका रिसॉर्टच्या बेटावर उतरायचं आणि निघेपर्यंत तिथेच राहायचं. इथे तसं नाही. इथे गावं आहेत, शाळा सुटते, बाजार भरतो, माणसं बोलतात, आणि या सगळ्याच्या मधोमध तुम्ही सुट्टी घालवता. ज्यांना फक्त शांतता आणि रूमसमोर पाणी हवंय त्यांना मालदीव जवळही पडेल आणि सोपंही. पण समुद्रासोबत देशही बघायचा असेल तर इथे या.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

फिरायला जाणाऱ्यांना ९० दिवसांपर्यंत लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चाची सोय दाखवता आली पाहिजे, आणि निघायच्या आधी इमिग्रेशनचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. नियम बदलत असतात, त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशी सरकारी साइटवर एकदा बघून घ्याच.

मग व्हिसाची काही भानगडच नाही?

आहे, आणि बरेच जण इथेच अडकतात. बार्बाडोसला व्हिसा नाही, पण वाटेतल्या देशाला लागू शकतो! भारतातून डायरेक्ट फ्लाइट नाही, बहुतेक लोक मुंबईहून लंडन आणि तिथून पुढे साधारण नऊ तास, किंवा अमेरिका नाहीतर कॅनडामार्गे जातात. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून बाहेर यावंच लागतं, म्हणजे अमेरिकेचा व्हिसा हवा. लंडनला विमान बदलायला ट्रान्झिट व्हिसा लागतो, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांपैकी कुठला चालू व्हिसा असेल तर अटींसह सूट मिळते. त्यातही हीथ्रोला उतरून पुढची फ्लाइट गॅटविकहून असेल तर प्रकरण वेगळं, कारण तुम्ही विमानतळाबाहेर पडताय. म्हणून स्वस्त तिकीट दिसलं की आधी कुठे थांबतंय ते बघा, आणि शक्यतो सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा, म्हणजे एक फ्लाइट लेट झाली तरी पुढची जबाबदारी एअरलाइनची राहते.

न्यू जर्सी, टोरांटो, लंडन इकडे राहणाऱ्या आपल्या लोकांना हे सगळं खूप सोपं आहे. न्यूयॉर्कहून तर पाच तासांच्या आतबाहेर पोचता येतं. भारतातून आईबाबा तिकडे आले असतील तर त्यांच्यासोबत आठवडाभर जाऊन या, त्यांनाही लांबचा प्रवास वेगळा पडत नाही.

जायला कोणता महिना चांगला?

डिसेंबर ते मे कोरडा हंगाम. त्यातही मध्य डिसेंबर ते एप्रिल गर्दी आणि रेट दोन्ही चढलेले, कारण इंग्लंड-कॅनडातले लोक थंडीला कंटाळून इथे येतात. मला विचाराल तर एप्रिलचा शेवट आणि मे बेस्ट, हवा चांगली आणि रेट उतरलेले. हवेचं म्हणाल तर बेट साधारण चेन्नईच्याच अक्षांशावर, १३ अंश उत्तर, पण चेन्नईसारखं भाजून निघत नाही, कारण ईशान्येकडून व्यापारी वारे सतत वाहत असतात. या वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि माणूस दुपारभर पाण्यात राहतो, आणि रात्री खांदे सोलून निघतात. तर सनस्क्रीन लावा, मुलांना फुल स्लीव्हचे स्विमटॉप घाला.

आणि चक्रीवादळ? टी-ट्वेन्टी वर्ल्डकपच्या वेळी आपली टीम अडकली होती ना?

हो. २९ जून २०२४ ला फायनल झाली आणि लगेच बेरिल वादळ आलं, १ जुलैला ते बेटाच्या दक्षिणेकडून गेलं, विमानतळ बंद, आपली टीम हॉटेलात. शेवटी स्पेशल विमानानं ४ जुलैला टीम दिल्लीत उतरली आणि त्याच संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्या वादळात राजधानी ब्रिजटाऊनच्या कोळ्यांच्या बोटींचं फार मोठं नुकसान झालं, ते आपल्याकडच्या बातम्यांत फारसं आलं नाही.

वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. बार्बाडोस बाकीच्या बेटांच्या रांगेपासून जरा पूर्वेला, एकटं अटलांटिकमध्ये आहे, आणि बरीचशी वादळं त्याच्या उत्तरेकडून निघून जातात. २०२१ मध्ये एल्सा वादळ थेट येऊन धडकलं ते १९५५ च्या जॅनेटनंतर, म्हणजे सहासष्ट वर्षांनी. त्यामुळे जून-जुलैला शाळेच्या सुट्ट्या जमतात म्हणून जाणारे जातातच, फक्त रिफंड मिळणारं बुकिंग करा आणि वादळ कव्हर करणारा ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या. ऑगस्ट ते ऑक्टोबर मात्र मी टाळेन.

किनारा निवडायचा म्हणजे नक्की काय करायचं?

पश्चिम किनारा म्हणजे कॅरिबियन समुद्राची बाजू. पाणी एकदम शांत, सकाळी तर काचेसारखं दिसतं. होलटाऊन, पेन्स बे, मलिन्स हे बीच इथले. लहान मुलं, वयस्कर माणसं, पोहायला घाबरणारे, सगळ्यांना ही बाजू चांगली, आणि सूर्यास्तही कोकणासारखा समुद्रातच होतो. वाईट एवढंच की बेटावरची सगळ्यात महाग हॉटेलं इथेच आहेत.

दक्षिण किनाऱ्यावर थोड्या लाटा, पांढरी रुंद वाळू, रॉकली, वर्दिंग, डोव्हर, एंटरप्राइज असे बीच. अपार्टमेंटवजा हॉटेलं भरपूर, स्वयंपाकघर मिळतं, रस्त्यावर सुपरमार्केट, बस सतत, विमानतळ जवळ. आपल्यासारख्या बजेट सांभाळून जाणाऱ्या फॅमिलीनं डोळे झाकून दक्षिणेला राहावं आणि पश्चिमेला बसनं पोहायला जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पूर्वेला अटलांटिक. बाथशीबाला मोठमोठे खडक पाण्यात उभे, खालून लाटांनी झिजलेले, आणि मागून येणारी लाट थेट आफ्रिकेच्या बाजूनं, मध्ये एकही बेट नाही. तिथल्या सूप बोल नावाच्या जागी जगभरातले सर्फर येतात. बघायला बेटावरचा सगळ्यात सुंदर भाग हाच, पण पोहायचं नाही. ओढ इतकी जोरात असते की गुडघाभर पाण्यातही पाय सुटतात. कोकणातल्या किनाऱ्यांवर दरवर्षी काय होतं ते आपण वाचतो, इथेही तेच लक्षात ठेवा. दिवसभर जा, जेवा, फोटो काढा, संध्याकाळी परत या.

आग्नेयेला क्रेन बीच आणि बॉटम बे, उंच कड्याखालची वाळू, क्रेनची तर किंचित गुलाबी. लाटा इथेही जोरदार, तेव्हा लाइफगार्डचे झेंडे बघून, लाल असेल तर काठावरच.

हॉटेलांचे बीच प्रायव्हेट असतात का? आम्ही साध्या ठिकाणी राहिलो तर चांगल्या बीचवर जाता येईल ना?

बिनधास्त जा. बार्बाडोसमध्ये सगळे किनारे लोकांचे आहेत, हॉटेल कितीही मोठं असलं तरी वाळू त्याच्या मालकीची नाही. दोन हॉटेलांच्या मधून पायवाट असते, शोधा, विचारा. खुर्ची-छत्रीचे पैसे द्यावे लागतील, वाळूवर टॉवेल टाकून बसायला पैसे पडत नाहीत. तिथले लोक या हक्काबद्दल फार जागरूक आहेत आणि मला त्यांचं हे खूप आवडतं.

पोहता येत नाही, तरी कासवं बघता येतील?

येतील. ब्रिजटाऊनला लागूनच कार्लाइल बे आहे, तिथे कासवं दिसतात, शिवाय उथळ पाण्यात बुडालेल्या बोटींचे सांगाडे आहेत, त्यातली बर्विन नावाची फ्रेंच टगबोट १९१९ ला बुडालेली. वरून स्नॉर्केल लावूनही सगळं दिसतं, लाइफजॅकेट घालून गाइडचा हात धरून गेलात तरी चालतं. तेही नको असेल तर काचेच्या तळाची बोट घ्या. कासवांना हात लावायचा नाही, मागे लागायचं नाही, खायला घालायचं नाही. हॉक्सबिल कासवं साधारण मे ते ऑक्टोबरमध्ये रात्री किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, हॉटेलासमोरच्या वाळूतसुद्धा, तेव्हा दिसलं तर टॉर्च, फ्लॅश बंद करा आणि लांब उभे राहा. वेळास-अंजर्ल्याला कासव महोत्सवाला गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

बीचवर तपकिरी शेवाळाचे ढीग असतात म्हणे?

सरगॅसम. २०११ पासून सगळ्या कॅरिबियनलाच हा त्रास सुरू झालाय. साधारण मार्च ते ऑगस्टमध्ये पूर्व आणि दक्षिण-पूर्व किनाऱ्यावर ढीग लागतात, सडलं की अंड्यासारखा वास येतो. पश्चिम किनारा बहुतेक वेळा स्वच्छ राहतो. बुकिंगच्या आधी हॉटेलचे त्या आठवड्यातले रिव्ह्यू वाचा, फोटो बघा.

अजून कशापासून जपायचं?

मॅन्चिनील नावाचं झाड. किनाऱ्यावरच वाढतं, छान सावली देतं, हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं वाळूत पडलेली असतात. फळ तोंडात घालायचं नाही, चीक अंगाला लागला तर फोड येतात, आणि पाऊस आला म्हणून त्याखाली उभं राहिलात तर पानांवरून गळणाऱ्या पाण्यानंही तेच होतं. बऱ्याच झाडांच्या खोडाला लाल पट्टा मारलेला असतो पण सगळ्यांना असेलच असं नाही. मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, फळ उचलायचं नाही म्हणजे नाही.

कार भाड्यानं घ्यावी की बस?

दोन्ही. एखाददोन दिवस कार, बाकी बस. कारला तिथलं व्हिजिटर परमिट लागतं, ते भाड्यानं देणारेच करून देतात. भाड्याच्या गाड्यांची नंबरप्लेट एच अक्षरानं सुरू होते, त्यामुळे पाहुणे आलेत हे सगळ्यांना कळतं आणि चुकलात तर लोक सांभाळून घेतात. रस्ते अरुंद, दोन्हीकडे ऊस, वळणावर समोरचं दिसत नाही, तेव्हा हळू चालवा.

बसचं जरा नीट सांगतो. तीन प्रकार आहेत. सरकारी बस निळ्या, पिवळा पट्टा. खासगी मिनीबस पिवळ्या, निळा पट्टा. आणि पांढऱ्या व्हॅन, तपकिरी-लाल पट्टा, त्यांना झेड-आर म्हणतात, नंबरप्लेटवरूनच ते नाव पडलंय. कुठेही उतरा, भाडं साडेतीन बार्बाडोस डॉलर. सरकारी बसमध्ये सुटे अचूक लागतात. बसस्टॉपच्या गोल पाटीवर फक्त एवढंच लिहिलेलं असतं, 'टू सिटी' किंवा 'आउट ऑफ सिटी', सिटी म्हणजे ब्रिजटाऊन. एवढ्या दोन शब्दांवर सगळं बेट फिरता येतं. झेड-आरमध्ये गाणी मोठ्यानं, माणसं दाटीवाटीनं, आणि चढताना सगळ्यांना 'गुड मॉर्निंग' म्हणायचं! ही पद्धत खरंच पाळा. दुकानात शिरताना, कुणाला पत्ता विचारताना, आधी गुड मॉर्निंग, गुड आफ्टरनून, मग काम. थेट प्रश्न टाकला तर ते उद्धट वाटतं, आणि म्हटलंत तर समोरचा माणूस तुमच्यासाठी थांबून रस्ता दाखवायला येतो.

खर्च किती येईल?

महाग बेट आहे, हे स्वच्छ सांगतो. खाण्यापिण्यातलं बरंच बाहेरून येतं, वर १७.५ टक्के व्हॅट आणि रेस्टॉरंटमध्ये सर्व्हिस चार्ज. चलन सोपं, १९७५ पासून दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर असा पक्का रेट आहे आणि अमेरिकन नोटा सगळीकडे चालतात. मात्र किंमत ऐकली की कुठला डॉलर ते विचारा, विशेषतः टॅक्सीत, कारण मीटर नसतो, बसायच्या आधी ठरवायचं. खर्च वाचवायचा तर तीन गोष्टी, स्वयंपाकघर असलेली जागा, बस, आणि एप्रिलनंतरची तारीख.

आम्ही व्हेज आहोत, उपाशी मरणार का?

अजिबात नाही, पण तयारीनं जा. सुपरमार्केटमध्ये तांदूळ, डाळी, मसाले मिळतात. सुरतेकडची गुजराती मुस्लिम कुटुंबं गेली शंभरेक वर्षं या बेटावर आहेत, दुकानं चालवतात, त्यामुळे आपल्या ओळखीचं सामान सापडतं. शेफेट नावाची तिथलीच फास्टफूड चेन आहे, तिथे रोटी मिळते, म्हणजे पोळीत गुंडाळलेली करी, व्हेजही असते. कॅरिबियनमधल्या रास्ताफारी पंथाच्या लोकांचं इटल जेवण पूर्ण शाकाहारी, गाडीवर मिळालं तर नक्की खा. आणि नीरफणस! कोकणात आपण ज्याचे काप करतो तोच, तिथे ब्रेडफ्रूट म्हणतात, अख्खा विस्तवावर भाजून वरची काळी साल काढून खातात. मॅकरोनी पाय, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेली चीज-मॅकरोनी, सगळीकडे मिळतो, त्यात अंडं आहे का विचारून घ्या.

आणि मासे खाणाऱ्यांना?

तुमची मजा आहे. शुक्रवारी संध्याकाळी ऑइस्टिन्सला जा, कोळीवाडाच आहे तो, ओळीनं स्टॉल, मोठ्या जाळीवर ट्यूना, मार्लिन, स्वोर्डफिश भाजत असतात, बाजूला म्हातारी जोडपी जुन्या गाण्यांवर नाचत असतात. सातच्या आत पोचा, नंतर रांगा लागतात. मेनूवर 'डॉल्फिन' दिसलं तर घाबरू नका, तो माही-माही मासा. राष्ट्रीय पदार्थ म्हणजे कूकू आणि फ्लाइंग फिश. कूकू मक्याच्या पिठात भेंडी घालून करतात, भेंडीच्या बुळबुळीतपणामुळेच ते मऊ घोटलं जातं, त्यासाठी लाकडाची चपटी दांडी असते आणि हात न थांबवता घोटत राहायचं, नाहीतर गुठळ्या. वर माशाचा रस्सा. आपल्याला पहिल्या घासातच कळतं हे. तिथला पिवळा पेपर सॉस मात्र थेंबभरच घ्या, स्कॉच बॉनेट मिरची आणि मोहरीचा असतो, लवंगीवाल्यांनीसुद्धा हलक्यात घेऊ नये.

क्रिकेटवेड्यांनी काय बघायचं?

केन्सिंग्टन ओव्हल, ब्रिजटाऊनमध्येच. मॅच नसली तरी जा. हे एवढंसं बेट, आणि वॉरेल, वीक्स, वॉलकॉट हे तिन्ही डब्ल्यू इथलेच, गॅरी सोबर्स इथला, माल्कम मार्शल, जोएल गार्नर इथले. सोबर्स तर देशाचे राष्ट्रीय वीर आहेत.

आपल्या माणसाच्या मनात तर या मैदानाचं वेगळंच काही आहे. १९६२ साली बार्बाडोसविरुद्धच्या मॅचमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपला कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला इथेच लागला, जीव वाचवायला रक्त द्यावं लागलं आणि देणाऱ्यांत वेस्ट इंडिजचा कॅप्टन फ्रँक वॉरेल होता. कॉन्ट्रॅक्टर वाचले पण पुन्हा टेस्ट खेळले नाहीत. १९७१ मध्ये वाडेकरांच्या टीमसोबत गेलेल्या सुनील गावसकरांनी इथे पहिल्या डावात १ आणि दुसऱ्यात नाबाद ११७ केले, त्या मालिकेत एकूण ७७४. १९९७ ला १२० धावा हव्या होत्या आणि आपण ८१ वर ऑल आउट, सचिन कॅप्टन, ती जखम अजून कित्येकांच्या मनात आहे. आणि मग २०२४, दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवलं, शेवटच्या ओव्हरमध्ये सूर्यकुमारनं सीमारेषेवर मिलरचा कॅच घेतला, रोहितनं पिचवरची चिमूटभर माती तोंडात टाकली. त्या सीमारेषेकडे बघत स्टँडमध्ये दहा मिनिटं बसता आलं तर बसा, यासाठी एवढा लांबचा प्रवास केला तरी मला तो योग्यच वाटतो.

समुद्र सोडून काय?

हॅरिसन्स केव्ह, चुनखडीची मोठी गुहा, ट्राममधून आत नेतात, मुलांना आवडतेच. हंट्स गार्डन्स, एका खोलगट दरीत केलेली बाग. उत्तर टोकाला अॅनिमल फ्लॉवर केव्ह, गुहेच्या तोंडातून समुद्र दिसतो. ब्रिजटाऊन आणि गॅरिसनचा, म्हणजे ब्रिटिशांच्या लष्करी छावणीचा, जुना भाग २०११ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

सेंट निकोलस अॅबी ही सतराव्या शतकातली हवेली आणि तिथली रम बघायला सगळे जातात, जरूर जा, पण हा सगळा ऊस गुलामगिरीवर उभा राहिला हे विसरून बघू नका. १८१६ मध्ये बुस्सा नावाच्या गुलामानं उठाव केला, १८३४ ला कायद्यानं गुलामगिरी संपली, तरी खरी सुटका १८३८ ला. रस्त्यात एका मोठ्या चौकात साखळ्या तोडलेल्या माणसाचा पुतळा दिसेल, लोक त्याला बुस्साच म्हणतात. देश १९६६ ला स्वतंत्र झाला आणि २०२१ ला ब्रिटनच्या राणीला बाजूला करून प्रजासत्ताक. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी क्रॉप ओव्हरची मोठी मिरवणूक असते, ऊसतोडणी संपल्याचा हा सण.

कपड्यांचे काही नियम?

मिलिटरी प्रिंटचं काहीही नेऊ नका. कॅमोफ्लाज टी-शर्ट, टोपी, बॅग, लहान मुलाची चड्डीसुद्धा, तिथे सामान्य माणसाला कायद्यानं बंदी आहे. आणि स्विमिंगचे कपडे फक्त बीचवर, गावात, दुकानात, बसमध्ये वर काहीतरी घाला.

किती दिवस पुरेत? सोबत अजून एखादं बेट जमेल?

भारतातून जाणार असाल तर आठ ते दहा रात्री, त्याहून कमीसाठी एवढं लांब जाऊ नये, घड्याळच साडेनऊ तास मागे जातं. दुसरं बेट करायचं तर फेरीबोटीच्या भरवशावर राहू नका, विमानानंच जावं लागतं, आणि प्रत्येक देशाचा व्हिसाचा नियम वेगळा. पहिल्या वेळी एकच बेट नीट बघा असंच मी सांगेन.

चार्जर, सिम, इमर्जन्सी?

वीज ११५ व्होल्ट, पिना अमेरिकेसारख्या चपट्या. मोबाइल-लॅपटॉपला अॅडॉप्टर पुरतो, पण आपली केटल, इस्त्री नेऊ नका, चालणार नाही. सिम डिजिसेल किंवा फ्लोचं. पोलीस २११, फायर ३११, अॅम्ब्युलन्स ५११, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

परत येताना काही लक्षात ठेवायचं?

त्रिनिदादला थांबून येणार असाल तर निघायच्या आधीच भारतात यलो फीव्हरची लस घ्या, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, आणि लसीचं पिवळं कार्ड जवळ ठेवा. यलो फीव्हरच्या यादीतल्या देशातून (त्रिनिदाद त्यात आहे) कार्डाशिवाय आलात तर आपल्याकडे विमानतळावरून थेट क्वारंटाइनला पाठवतात. रम आणायची असेल तर माणशी दोन लिटरपर्यंत ड्यूटी फ्री, माउंट गे १७०३ पासूनची आहे, बाटली चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून टाका. प्रवाळाचे तुकडे, शिंपले मात्र उचलून आणू नका, ते तिथेच राहू द्या.